बहुमत गेल्यावर राष्ट्राध्यक्षाचे काय होते?

पत्राचा सारांश: राज्यशास्त्राच्या एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका वाचक विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी ‘फ्रान्स आणि अमेरिका यांच्या शासनव्यवस्थांची तुलना’ हा विषय घेतला आहे. दोन्ही देशांत निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष आहे, म्हणून विषय सोपा जाईल असे तिला वाटले होते. दोन रकान्यांचा तक्ता तयार झाला, पण त्यातून निष्कर्ष निघत नाही. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष लोकप्रतिनिधींचे सभागृह विसर्जित करू शकतो, म्हणून तो अधिक बलवान, असे एक ओळ सांगते. त्याला अमेरिकेच्या अध्यक्षासारखा नकाराधिकार नाही, असे दुसरी ओळ सांगते. २०१७ पासून ल्योंमध्ये राहणारे तिचे मामा म्हणतात की, तिथला राष्ट्राध्यक्ष हा निवडून आलेला राजाच असतो. न्यू जर्सीत राहणारी मैत्रीण हेच अमेरिकेच्या अध्यक्षाबद्दल सांगते. मार्गदर्शकांना शेवटच्या प्रकरणात ‘कोणती व्यवस्था श्रेष्ठ’ याचे स्पष्ट उत्तर हवे आहे. प्रबंध सादर करायला तीन महिने उरले असताना विषय बदलावा का, असे तिने विचारले आहे.

सप्रेम नमस्कार,

विषय बदलू नका. तुमच्या तक्त्यातल्या ओळी एकमेकींना छेद देत आहेत, यावरून तुमचा अभ्यास कच्चा आहे असे मला वाटत नाही. हे दोन देश जिथे खरोखर वेगळे होतात तिथपर्यंत तुम्ही पोहोचला आहात, आणि पुष्कळ विद्यार्थी तिथवर न जाताच ‘एक अध्यक्षीय, दुसरी अर्धअध्यक्षीय’ एवढे लिहून प्रबंध बांधणीला देतात. तुमच्याकडे माहिती पुरेशी आहे. अडचण आहे ती प्रश्नाच्या मांडणीत. ‘कोणता राष्ट्राध्यक्ष अधिक बलवान’ असे विचारताना सत्ता ही पदाबरोबर कायमची येणारी एक ठरावीक मात्रा आहे, असे आपण नकळत धरून चालतो. अमेरिकेच्या बाबतीत हे गृहीतक बऱ्याच अंशी चालून जाते. फ्रान्सच्या बाबतीत ते पहिल्याच पायरीवर कोसळते.

तुमच्या मामांचेच निरीक्षण घेऊ. ते ल्योंला गेले त्या वर्षी, म्हणजे मे २०१७ मध्ये, इमॅन्युएल मॅक्राँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढच्याच महिन्यात ५७७ जागांच्या नॅशनल असेम्ब्लीत, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभागृहात, त्यांच्या नव्या पक्षाने एकट्याने ३०८ जागा जिंकल्या. अशा सभागृहातले बहुसंख्य सदस्य राष्ट्राध्यक्षाच्या नावावर निवडून आलेले असतात, पंतप्रधान राष्ट्राध्यक्षाच्या पसंतीचा असतो, आणि सरकारने आणलेले विधेयक मंजूर होणार हे जवळपास ठरलेले असते. यामागे जाणीवपूर्वक केलेली आखणी होती. २००० सालच्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षाची मुदत सात वर्षांवरून पाच वर्षांवर आणली गेली, आणि २००२ पासून असेम्ब्लीची निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपाठोपाठ होऊ लागली, जेणेकरून नव्या राष्ट्राध्यक्षाला त्याच लाटेत बहुमतही मिळावे. त्या वर्षी तिथे जाऊन पोहोचलेल्या माणसाला राष्ट्राध्यक्ष राजासारखा वाटला, तर त्यात नवल नाही.

पण त्याच मॅक्राँना २०२२ मध्ये स्पष्ट बहुमतासाठी लागणाऱ्या २८९ जागा मिळाल्या नाहीत. जून २०२४ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीत पराभव झाल्यावर त्यांनी असेम्ब्ली विसर्जित केली, तेव्हा जे सभागृह निवडून आले ते तीन गटांत विभागलेले होते आणि कोणाकडेच बहुमत नव्हते. राष्ट्राध्यक्ष तोच होता आणि त्याच्या अधिकारांविषयीची कलमेही तीच होती, तरीही पुढच्या सव्वा वर्षाच्या आत असेम्ब्लीने दोन पंतप्रधान घरी पाठवले: ४ डिसेंबर २०२४ रोजी मिशेल बार्निए अविश्वास ठरावाने गेले, तर ८ सप्टेंबर २०२५ रोजी फ्रान्स्वा बायरू यांनी स्वतःहून मागितलेला विश्वास सभागृहाने नाकारला. मामांना पुन्हा फोन करा आणि ‘राष्ट्राध्यक्ष राजासारखा असतो’ हे ते २०१८ विषयी म्हणत आहेत की २०२५ विषयी, एवढेच विचारा. त्यांचे विधान खोटे नाही, परंतु काळाचा उल्लेख केल्याशिवाय ते प्रबंधात वापरता येणार नाही.

याहून स्पष्ट उदाहरण १९८६ चे आहे, आणि तुमच्या प्रबंधात त्याला चार पाने तरी मिळावीत असे मला मनापासून वाटते. मार्च १९८६ च्या निवडणुकीत उजव्या पक्षांनी असेम्ब्ली जिंकली, तर राष्ट्राध्यक्षपदी समाजवादी फ्रान्स्वा मित्तराँ होते. त्यांनी विरोधी गोटातल्या जाक शिराक यांना पंतप्रधान नेमले, कारण दुसऱ्या कोणत्याही पंतप्रधानाला त्या सभागृहाने टिकू दिले नसते. राष्ट्राचे धोरण सरकार ठरवते आणि राबवते, असे सांगणारे संविधानाचे २० वे कलम तोवर जवळपास शोभेचे होते. आता ते अक्षरशः अमलात आले आणि देशांतर्गत धोरणाचे केंद्र राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादातून पंतप्रधानांच्या मातिन्यों या निवासस्थानी हलले. जुलै महिन्यात मित्तराँ यांनी सरकारी कंपन्यांच्या खासगीकरणाच्या अध्यादेशावर सही करण्यास नकार दिला. अमेरिकेत अध्यक्षाने विधेयक परत पाठवले, तर ते पुन्हा मंजूर करण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात, आणि ती मिळणे दुर्मीळ असते. शिराक यांनी काय केले? त्यांनी तोच मजकूर साधे विधेयक म्हणून संसदेत मांडला आणि काही आठवड्यांत, ऑगस्टमध्ये, त्याचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्षाचा नकार देशभर गाजला, पण धोरण थांबले नाही. फ्रेंच लोक या अवस्थेला कोआबितास्यों म्हणतात. १९८६ ते १९८८, १९९३ ते १९९५ आणि १९९७ ते २००२ अशी ती तीन वेळा आली. तिसऱ्या वेळी तर स्वतः शिराक राष्ट्राध्यक्ष होते आणि आपल्या सोयीसाठी मुदतीपूर्वी असेम्ब्ली विसर्जित करून त्यांनीच समाजवादी लिओनेल जोस्पँ यांना पाच वर्षांसाठी पंतप्रधानपदी बसवण्याची वेळ ओढवून घेतली. विसर्जनाचा अधिकार हे राष्ट्राध्यक्षाच्या बळाचे लक्षण आहे, असे तुमच्या तक्त्यातली ओळ सांगते. १९९७ आणि २०२४ ही दोन वर्षे त्या ओळीसमोर लिहून पाहा.

अमेरिकेत सत्ता अशी एका निवासस्थानाहून दुसऱ्या निवासस्थानी जात नाही. मध्यावधी निवडणुकीत अध्यक्षाच्या पक्षाने प्रतिनिधीगृह गमावले, जसे २०१० मध्ये बराक ओबामांच्या आणि २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या बाबतीत झाले, तरी अध्यक्षाची मुदत, त्याचे मंत्री, नकाराधिकार, सेनादलांचे प्रमुखपद यांपैकी काहीच हलत नाही. त्याला काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, विसर्जित करता येत नाही आणि काँग्रेसला धोरण पटले नाही म्हणून त्याला हटवता येत नाही. महाभियोग आहे, पण तो गंभीर गैरकृत्यांसाठी आहे आणि सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतांखेरीज तो सिद्ध होत नाही. अँड्र्यू जॉन्सन, बिल क्लिंटन आणि दोनदा डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर तो चालला, पण हटवले गेले कोणीही नाही. म्हणून बहुमत गेलेला अमेरिकन अध्यक्ष पदावर पूर्णपणे सुरक्षित असतो आणि कायदे करण्याच्या बाबतीत जवळपास जखडलेला असतो. मग तो कार्यकारी आदेशांकडे वळतो, आणि तिथे त्याला न्यायालय भेटते. जो बायडन यांनी विद्यार्थ्यांची शैक्षणिक कर्जे मोठ्या प्रमाणावर माफ करण्याची योजना काँग्रेसकडे न जाता जुन्या कायद्याच्या आधारे आणली. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली. तुमच्या मैत्रिणीला दिसतो तो आदेशांवर सह्या करणारा अध्यक्ष. त्या आदेशांपैकी किती टिकले, हे मोजायला तिला सांगा.

तक्त्यात ही सगळी हालचाल मावणार नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, संस्थांची वर्णने शेजारी शेजारी ठेवण्याऐवजी दोन्ही देशांवर आलेला एकच प्रसंग घ्या आणि तो तासातासाने, कलमाकलमाने उलगडा. अंदाजपत्रक अडकणे हा त्यासाठी सर्वांत चांगला प्रसंग आहे, कारण पैशाशिवाय कोणतेच सरकार चालत नाही.

फ्रान्समध्ये २ डिसेंबर २०२४ रोजी बार्निए यांनी सामाजिक सुरक्षेचे अंदाजपत्रक कलम ४९, परिच्छेद ३ खाली आणले. हे कलम नीट समजून घ्या, कारण अमेरिकेत त्याच्यासारखे काहीही नाही. पंतप्रधान सभागृहाला सांगतो की या मजकुरावर मी माझे सरकार पणाला लावतो. त्या क्षणी विधेयकावरचे मतदान थांबते. चोवीस तासांत अविश्वास ठराव दाखल झाला नाही, किंवा दाखल होऊन तो फेटाळला गेला, तर विधेयक मतदानाशिवाय मंजूर झाले असे मानले जाते. ठराव मंजूर झाला, तर सरकारही जाते आणि विधेयकही जाते. या ठरावावर फक्त होकाराची मते मोजली जातात आणि ती सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक असावी लागतात. म्हणजे जो गैरहजर राहिला किंवा तटस्थ राहिला, तो सरकारच्या बाजूने मोजला गेला. बार्निए यांच्याविरुद्ध ३३१ मते पडली. १९६२ नंतर प्रथमच अविश्वास ठराव मंजूर झाला, आणि तोही डावे आणि अतिउजवे यांनी एकत्र मतदान केल्यामुळे. पण दुसऱ्या दिवशी फ्रान्समधले एकही सरकारी कार्यालय पैशाअभावी बंद पडले नाही. डिसेंबर संपण्यापूर्वी संसदेने एक छोटा विशेष कायदा केला, ज्यामुळे कर गोळा करणे आणि आधीच्या वर्षाच्या मर्यादेत खर्च करणे शक्य झाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या पंतप्रधानांनी अंदाजपत्रक मंजूर करून घेतले.

आता अमेरिका पाहा. १ ऑक्टोबर २०२५ रोजी नवे आर्थिक वर्ष सुरू झाले तेव्हा अध्यक्षपद, प्रतिनिधीगृह आणि सिनेट ही तिन्ही रिपब्लिकन पक्षाच्या हाती होती. फ्रान्समध्ये एवढे बहुमत असते, तर अंदाजपत्रकाची चर्चाही कोणाच्या लक्षात राहिली नसती. परंतु सिनेटच्या नियमांनुसार अशा विधेयकावरची चर्चा संपवून मतदान घ्यायला १०० पैकी ६० मते लागतात आणि रिपब्लिकनांकडे ५३ जागा होत्या. आरोग्यविम्याच्या अनुदानाचा प्रश्न सुटल्याशिवाय डेमोक्रॅट सदस्य मते द्यायला तयार नव्हते. संविधान सांगते की कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, आणि तसा कायदा नव्हता. परिणामी संघीय सरकारचे कामकाज १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे ४३ दिवस, अंशतः बंद राहिले. लाखो कर्मचारी घरी बसले, विमानवाहतूक नियंत्रक बिनपगारी काम करत राहिले आणि शेवटी ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे कमी करावी लागली. नेवार्कचा विमानतळही त्यांत होता, त्यामुळे तुमच्या मैत्रिणीला ते दिवस आठवत असतील. या सगळ्या काळात अध्यक्षाच्या खुर्चीला धोका होता का? मुळीच नाही. एका मंत्र्यालाही त्यापायी पद सोडावे लागले नाही.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की तुमच्या प्रबंधाचा कणा तयार होतो. फ्रान्समध्ये पेच पडला की सरकार पडते आणि राज्ययंत्रणा चालू राहते. अमेरिकेत पेच पडला की सरकार टिकते आणि राज्ययंत्रणा थांबते. असे का, हे शोधताना मात्र आजच्या बातम्या पुरणार नाहीत, कारण ही दोन्ही संविधाने दोन वेगवेगळ्या भीतींतून लिहिली गेली आहेत.

फिलाडेल्फियात १७८७ मध्ये जमलेल्या लोकांनी नुकतीच एका राजाशी लढाई केली होती, आणि त्यांना सर्वाधिक भय होते ते सगळी सत्ता एका हाती जाण्याचे. म्हणून त्यांनी सत्तेचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला दुसऱ्याला अडवण्याचे साधन दिले. राज्यांना उरलेले अधिकार दिले ते वेगळेच. १९५८ च्या फ्रान्समधली भीती नेमकी उलट होती. १९४६ ते १९५८ या बारा वर्षांत चौथ्या प्रजासत्ताकाने वीसहून अधिक मंत्रिमंडळे पाहिली, बहुतेक सरकारे जेमतेम काही महिने टिकत, आणि मे १९५८ मध्ये अल्जीरियातल्या लष्करी उठावाने ते प्रजासत्ताक मोडकळीला आले. शार्ल द गॉल यांनी जून १९४६ मध्येच बायो इथल्या भाषणात पक्षांच्या वर असलेल्या राष्ट्रप्रमुखाची मागणी केली होती, आणि आता त्यांना ती अमलात आणायची संधी मिळाली. कलम ४९-३, विसर्जन, संसद कोणत्या विषयांवर कायदे करू शकते याला घातलेली मर्यादा, अंदाजपत्रकासाठी संसदेला दिलेली ७० दिवसांची मुदत, ही सगळी असेम्ब्लीपासून सरकारचे रक्षण करणारी तरतूद आहे. राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक त्यानंतर, १९६२ च्या सार्वमताने आली.

या ठिकाणी विद्यार्थी सहसा माँटेस्क्यू या फ्रेंच विचारवंताचे नाव घेऊन पुढे जातात. तुम्ही क्षणभर थांबा. सत्ताविभाजनाचा त्याचा विचार अमेरिकेने आणि फ्रान्सने असा दोघांनीही उचलला, पण त्यातून विरुद्ध निष्कर्ष काढले. अमेरिकेने त्यातून प्रत्येक शाखेने दुसरीवर पहारा ठेवावा असा अर्थ घेतला, आणि १८०३ पासून न्यायालय काँग्रेसचा कायदाही घटनाबाह्य ठरवू लागले. फ्रेंच क्रांतिकारकांना मात्र जुन्या राजवटीतली उच्च न्यायालये आठवत होती, ज्यांनी राजाच्या सुधारणाही अडवून धरल्या होत्या. म्हणून ऑगस्ट १७९० च्या कायद्याने त्यांनी न्यायाधीशांना प्रशासनाच्या कामात हात घालायलाच मनाई केली. प्रशासनाविरुद्धच्या तक्रारींसाठी फ्रान्समध्ये आजही वेगळी न्यायालये आहेत, आणि अमलात आलेला कायदा मूलभूत हक्कांचा भंग करतो असे साध्या पक्षकाराला संविधान परिषदेसमोर, म्हणजे कायदे संविधानाला धरून आहेत का हे तपासणाऱ्या संस्थेसमोर, मांडता येऊ लागले ते २०१० मध्ये.

न्यायालय, संघराज्य आणि घटनादुरुस्ती हे तीन मुद्दे वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरण्याऐवजी गर्भपाताच्या हक्काच्या एकाच उदाहरणातून दाखवता येतील. २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून मानला गेलेला हा हक्क संविधानात नाही असा निकाल दिला आणि विषय राज्यांकडे सोपवला, त्यामुळे शेजारच्या दोन राज्यांत राहणाऱ्या स्त्रियांना वेगवेगळे कायदे लागू झाले. तो हक्क संविधानात घालायचा, तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती हवी, जी आजच्या अमेरिकेत मिळण्यासारखी नाही. फ्रान्सने हा निकाल पाहून धडा घेतला. ४ मार्च २०२४ रोजी व्हर्साय इथे दोन्ही सभागृहांचे संयुक्त अधिवेशन भरले आणि ७८० विरुद्ध ७२ मतांनी गर्भपाताचे स्वातंत्र्य संविधानात लिहिले गेले. एकात्म राज्यात तो निर्णय एकाच दिवशी साऱ्या देशाला लागू झाला. तिथे प्रत्येक देपार्तमाँमध्ये, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात, पॅरिसहून नेमलेला प्रीफेक्ट असतो, ज्याचे स्थान आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्याशी काहीसे मिळतेजुळते आहे. टेक्सासच्या गव्हर्नरशी त्याची तुलना होऊच शकत नाही, कारण गव्हर्नर वॉशिंग्टनचा नोकर नसतो.

आता मार्गदर्शकांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांना तुम्ही नकार देऊ नये, पण प्रश्न थोडा पुढे न्यावा. श्रेष्ठ, पण कोणत्या निकषावर? हा निकष शोधायला तुम्हाला दूर जावे लागणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेत मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकन आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना याच प्रश्नाने केली होती. कार्यकारी सत्तेत स्थैर्य हवे आणि जबाबदारीही हवी, परंतु दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अजून सापडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धत जबाबदारी अधिक देते, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, कारण ठरावीक मुदतीनंतर होणाऱ्या मूल्यमापनापेक्षा रोजचे मूल्यमापन भारतासारख्या देशाला अधिक गरजेचे आहे. हे भाषण मुळातून वाचा. दहा वर्षांनी फ्रान्सने केलेला प्रयोग त्या निकषावर तपासता येतो: राष्ट्राध्यक्षाच्या रूपाने स्थैर्य आणि पंतप्रधानाच्या रूपाने रोजची जबाबदारी, दोन्ही एकाच संविधानात. तो प्रयोग किती साधला, हा तुमच्या शेवटच्या प्रकरणाचा विषय आहे, आणि तो तुमचा स्वतःचा असेल.

माझे मत विचाराल तर, पेचातून देशाला बाहेर काढण्याचे मार्ग फ्रेंच व्यवस्थेत अधिक आहेत, आणि त्याबद्दल मला तिच्याविषयी आदर आहे. मात्र त्याची एक किंमत आहे जी मला अस्वस्थ करते. जबाबदारी ज्याच्यावर येते तो पंतप्रधान असतो आणि धोरण पुष्कळदा ज्याचे असते तो राष्ट्राध्यक्ष सुरक्षित राहतो. निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ वर नेणारे २०२३ चे विधेयक हे त्याचे ठळक उदाहरण आहे. वचन मॅक्राँ यांचे होते. १६ मार्च २०२३ रोजी असेम्ब्लीत उभे राहून ४९-३ जाहीर करावे लागले ते पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांना, आणि समोरच्या बाकांवरचे सदस्य फलक उंचावून राष्ट्रगीत गात असल्याने त्यांना आपला आवाज चढवावा लागला. चार दिवसांनी अविश्वास ठरावाला २७८ मते मिळाली, हवी होती २८७. नऊ मतांनी सरकार वाचले आणि सभागृहाने कधीही होकार न दिलेला मजकूर कायदा झाला. ही रीत घटनाबाह्य नाही, आणि तिला सरसकट लोकशाहीविरोधी म्हणणे मला अतिशयोक्त वाटते, कारण सरकार पाडण्याचा अधिकार सभागृहाकडेच होता. पण लाखो माणसे रस्त्यावर असताना त्यांच्या प्रतिनिधींना त्या विधेयकावर हो किंवा नाही म्हणता आले नाही, ही गोष्ट लहान नाही. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये पंतप्रधान सेबास्तियाँ लकोर्नू यांना सरकार टिकवण्यासाठी याच सुधारणेला स्थगिती जाहीर करावी लागली. तुम्ही माझ्या मताशी सहमत असण्याची गरज नाही. तुमचे मत मात्र असेच एखाद्या घटनेवर उभे असू द्या.

तीन महिन्यांचे काम मी असे वाटून घेतले असते. पहिला महिना फक्त दोन संविधाने वाचण्यात घालवावा. फ्रान्सच्या संविधानाचे अधिकृत इंग्रजी भाषांतर तिथल्या संविधान परिषदेच्या संकेतस्थळावर मिळते, आणि त्यातली ५, ८, १२, १६, २०, ४९ ही कलमे तर पाठ व्हावीत इतकी वाचावीत. दुसऱ्या महिन्यात अंदाजपत्रकाचे दोन प्रसंग आणि १९८६ चे वर्ष लिहून काढावे. मामांचा खरा उपयोग इथे आहे. त्यांचे मत विचारण्याऐवजी १६ मार्च २०२३ च्या कामकाजाचा फ्रेंच वृत्तान्त त्यांना तुमच्यासोबत बसून वाचून दाखवायला सांगा. तो असेम्ब्लीच्या संकेतस्थळावर आहे. तुमचा तक्ता टाकून देऊ नका, तो परिशिष्टात जाईल. मार्गदर्शकांना भेटताना अंदाजपत्रकाच्या प्रसंगाची चार-पाच पाने लिहून न्या. ‘प्रश्न चुकीचा आहे’ असे तोंडी सांगणाऱ्या विद्यार्थिनीपेक्षा अधिक चांगला प्रश्न कागदावर घेऊन आलेल्या विद्यार्थिनीचे ऐकून घेणे कोणत्याही मार्गदर्शकाला सोपे जाते.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे वाचकही असे प्रश्न वरचेवर पाठवतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपण भारतीय फ्रान्सकडे पाहताना नकळत आपली संसद तिथे बसवतो. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत संसदेचे सदस्य व्हावे लागते, तर फ्रान्समध्ये खासदार मंत्री झाला की त्याला आपली जागा सोडावी लागते, तरीही तो सभागृहात येऊन बोलतो आणि प्रश्नांना उत्तरे देतो. एप्रिल १९९९ मध्ये २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने आपल्याकडचे सरकार पडले, तेव्हा हजर राहून मत देणाऱ्यांचीच गणती झाली होती. फ्रान्सच्या अविश्वास ठरावात तसे होत नाही, हे वर आलेच आहे. बहुपर्यायी प्रश्नात चुका होतात त्या अशाच ठिकाणी.

आणि अभ्यासाचा कालखंड आताच बंद करा. फ्रान्समध्ये २०२७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे, त्या वेळी सलग तिसऱ्यांदा उभे राहण्याची मॅक्राँ यांना मुभा नाही, आणि अमेरिकेतही दर दोन वर्षांनी प्रतिनिधीगृह नव्याने निवडले जाते. बातम्यांच्या मागे धावत राहिलात तर प्रबंध पुरा होणार नाही. ‘१९५८ ते २०२५’ असे शीर्षकातच लिहा, आणि प्रस्तावनेत दोन ओळींत त्याचे कारण द्या.